फेब्रुवारीचं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं चित्रपुस्तक आहे. माझं वय अकरा वर्षं. उजेडात काढलेले महिने मोजाल तर तेही अकराच.

माझ्यात एक म्हातारी आहे. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात, समुद्राकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला, लाकडी मांडवाखाली ती गवताच्या टोपल्या करते. तिचे पूर्वज ही कला आफ्रिकेतून घेऊन आले, असं माझ्या पहिल्या पानावर छापलंय. ते खरं आहे. दुसऱ्या पानावर छापलंय, 'ती टोपली विणते.' ते चूक आहे, पण हे मला फार उशिरा कळलं.

माझी चित्रं काढणारी बाई उत्तरेतल्या मोठ्या शहरातून आली होती. दुपारभर म्हातारीशेजारी बसून तिने रेखाटनं केली, एक टोपली विकत घेतली आणि पुस्तक पाठवते असं सांगून ती गेली. पुस्तक काही आलं नाही. मला मात्र बक्षीस मिळालं. मुखपृष्ठावर सोनेरी बिल्ला लागला आणि त्याच हमरस्त्यावरच्या एका शाळेच्या ग्रंथालयात मी दाखल झालो.

फेब्रुवारी हा तिथे काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना. तेवढे दिवस मला खिडकीजवळच्या टेबलावर उभं करत. एक मार्चला पुन्हा खोक्यात. माझ्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के आहेत. त्यांत फेब्रुवारीशिवाय कुठला महिनाच नाही.

गेल्या वर्षी पहिलीतल्या नायलाने मला उघडलं आणि चित्रावरचा हात काढेना. ती म्हातारी तिची पणजी होती, वर्डेल. पण पहिलीच्या मुलांना पुस्तक घरी मिळत नसे. ऑक्टोबरात, दुसरीत गेल्यावर, ती मला मागायला आली. पणजीने अंथरूण धरलं होतं. मी कपाटावरच्या खोक्यात होतो. सगळं ऐकू येत होतं.

ग्रंथपाल मिसेस थॉर्प वाईट बाई नाहीत. ही पुस्तकं फेब्रुवारीची, आत्ता दिली तर प्रदर्शनाला कमी पडतील, असं त्यांनी प्रेमाने समजावलं.

दुसऱ्या दिवशी नायला परत आली.

"मॅडम, पणजीने विचारलंय, मी काय फेब्रुवारीपुरतीच काळी आहे?"

मिसेस थॉर्प हसल्या. पणजी भारीच गमतीदार दिसते, म्हणाल्या. खोकं जागचं हललं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वर्डेल गेली. एक फेब्रुवारीला मिसेस थॉर्पनी सगळ्यांच्या आधी मला नायलाच्या हातात दिलं आणि शिक्का मारला.

घरी तिने मला रिकाम्या खाटेवर ठेवून आजीला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर आजीने तिला थांबवलं.

"विणते? ते काय कापड आहे? आईने वाचलं असतं ना, तर त्या बाईला टोपलीसकट परत बोलावलं असतं. टोपली शिवतात, पोरी."

तिने उशाखालून चमच्याची घासून चपटी केलेली दांडी काढली. वर्डेल त्या दांडीनेच गवतात भोक पाडून ताडाची पट्टी ओवत असे. नायलाने ती बराच वेळ हातात धरली. मग पेन्सिल घेऊन 'विणते' खोडलं आणि वर लिहिलं, 'शिवते'.

पुस्तक खराब केल्याबद्दल तिला ताकीद मिळाली. माझ्यावर 'रद्द' असा लाल शिक्का बसला. आता मी दाराजवळच्या पेटीत आहे. हवं त्याने फुकट न्यावं.

मित्रांनो, पुस्तकं जपा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मला अकरा वर्षं जपलंच होतं. एक पानही दुमडलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी मला नेलंत, तर कुठल्याही महिन्यात उघडा. आणि दुसऱ्या पानावरचं पेन्सिलीचं अक्षर खोडू नका. त्या पानावर तेवढंच वर्डेलचं आहे.