दाब ओसरेपर्यंत

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर धुलाईखाना होता. तिथे ऊन दुपारी वीतभर आत यायचं आणि चूक झाल्यासारखं लगेच परत फिरायचं. त्या वीतभर उन्हाशेजारी एक बाई एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घालत उभी होती. तिचं खरं नाव हजेरीपटाला तेवढं ठाऊक. बाकी सगळे तिला घडीताई म्हणत. चादर हातात आली की आधी एक झटका, मग कोपऱ्याला कोपरा, मग वरून तळहात फिरायचा, आणि चादर रडून दमलेल्या मुलासारखी निजून जायची.

चादरीचं दुसरं टोक धरायला समोर तिची थोरली नणंद. घरात समोर, कामावरही समोर.

"माझी गाठ बांधली ती यांच्याशी नाही, वन्संशी," घडीताई म्हणायची.

"बांधली म्हणूनच माझा भाऊ सुटला," वन्सं म्हणायच्या.

पण यंदा घडीताईचा उजवा खांदा बोलायला लागला होता. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तो फिरवून पाहिला आणि सांगितलं, "दोन-तीन महिने फार तर. पुढे हा हात असा झटकायचा नाही." घडी घालणाऱ्या बाईनं हात झटकायचा नाही, म्हणजे तिनं घरी बसायचं. धुलाईखान्यात बसून करायचं काम तोवर नव्हतंच.

ते नेमकं त्याच महिन्यात आलं. ऑपरेशनचे कपडे वाफेनं निर्जंतुक करायचं मोठं मशीन, कपाटाएवढं, पोटात वाफ आणि कपाळावर काटा. कंपनीचा माणूस एक दिवस येऊन भराभरा बोलला, जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेला. ज्याला शिकवलं तो आठवड्यात दुसरी नोकरी धरून गेला. मशीन प्लास्टिक पांघरून उभं राहिलं, नव्या नवरीसारखं, कुणाशी बोलेना.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "पंधरा दिवसांनी शनिवारी परीक्षा. ह्या पुस्तकातलं एक पान मी सांगेन. ते वाचायचं, अर्थ सांगायचा आणि त्याप्रमाणे मशीन चालवून दाखवायचं. फोन बघायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. जमेल त्याला ऑपरेटरची जागा. खुर्चीसकट."

खुर्ची म्हटल्याबरोबर घडीताईचा खांदा हलला.

स्टोअरबाबूंनी लगेच नाव दिलं. ते इंग्रजी माध्यमात शिकलेले. बोलताना मधूनच इंग्रजी अशी सांडायचे की उचलायला माणूस लागावा. दुसरं नाव घडीताईनं दिलं तेव्हा इस्त्रीच्या टेबलापासून सुकवणीच्या दोरीपर्यंत हसू पसरलं.

"ताई, पुस्तक दीडशे पानांचं आहे," बाबू म्हणाले.

"चादरी रोज सहाशे असतात, बाबू," ती म्हणाली. "त्यांचं कधी कौतुक केलंत?"

सातवीपर्यंतची शाळा. अक्षरं ओळखीची होती, शब्द मात्र परक्या गावातल्या माणसांसारखे नुसते बघत राहायचे. कुणाकडून तरी जुना शब्दकोश आणला आणि तिनं रोज दहा शब्द धरले. वहीतलं हरवतं, म्हणून फाटकी, बाद झालेली एक चादर घेतली आणि कपड्यांवर वॉर्डाचा नंबर घालायची ती न धुतली जाणारी काळी शाई. चादरीवर शब्द आणि पुढे अर्थ. घडीच्या टेबलाखाली ती चादर टांगलेली असायची; मान वाकवली की शब्द दिसायचा, चादर झटकली की पाठ व्हायचा. आणि पाठ होईना तिथे ती त्याला गाण्याचा धागा ओवायची.

*लॉक म्हणजे कडी गं बाई, ओपन म्हणजे उघड,*
*स्टीम म्हणजे वाफ गं बाई, हेवी म्हणजे जड.*

दोन दिवसांत सगळ्या बाया त्या चालीवर घड्या घालू लागल्या. तिसऱ्या दिवशी नवी ओवी आली.

*वॉर्म म्हणजे कोमट बाई, कोल्ड म्हणजे गार,*
*शार्प म्हणजे आमच्या वन्संच्या जिभेची ती धार.*

"माझं नाव घातलंस ते घातलंस," वन्सं म्हणाल्या, "आता नापास होऊन ते बुडवू नकोस."

बारा दिवसांत एकशेवीस शब्द झाले. आणि बुधवारी सकाळी टेबलाखाली चादर नव्हती.

घडीताईनं टेबल हलवलं, टोपल्या उलट्या केल्या. वन्संना एकदम आठवलं. काल संध्याकाळी आवरताना हाताला चादर लागली होती. त्यांची एकवीस वर्षांची सवय, घडीताईच्याही आधीची. हातानं डोळ्यांना विचारलंच नाही. झटकली, घडी केली, वर जाणाऱ्या ढिगात ठेवली.

"वर गेली," वन्सं म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या जिभेला धार नव्हती.

त्या स्वतः जिने चढून गेल्या. एकेक वॉर्ड पाहत हाडांच्या वॉर्डात पोचल्या. तिथली नर्स हसून लोटपोट. "ती होय? पाय मोडलेला एक ड्रायव्हर होता. चादर बदलायला गेले तर म्हणाला, सिस्टर, थांबा, अजून पायाखालचे शब्द राहिलेत. रात्रभर वाचत होता. आज सकाळी घरी गेला, चादर मागून घेऊन गेला. फाटकीच होती, दिली."

वन्सं खाली आल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घडीताईनं त्यांना हाताला धरून वळवलं.

"गेली तर गेली, वन्सं. माझे शब्द कुणाच्या तरी घरी नांदायला गेले."

हे ओठांवर होतं.  खरं दुखणं मात्र तिलाच माहीत होतं. त्या सकाळी तिनं ते जाड पुस्तक उघडून पाहिलं होतं. ओळीत आठ शब्द असले तर चार तिला येत होते आणि चार नाही. न येणारे सारे शोधायचे तर सहा महिने जातील, आणि शनिवार तीन दिवसांवर. पाठ केलेले शब्द लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यांसारखे एकेकटे बसले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दुपारी मळक्या कपड्यांची गाठोडी आली. ती सोडणाऱ्या बाईनं एक तुकडा वर धरला. "ताई, ह्याचा नंबर पुसलाय. कुठल्या वॉर्डाचा?"

नंबर गेला तर कपडा टाकायचा नाही, हा धुलाईखान्याचा जुना रिवाज. घडीताईनं त्या तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाठोड्यात अजून काय आहे?"

"लहान उशा. लाळेरी. टीचभर झबली."

"मग मुलांच्या वॉर्डातलं पांघरूण. अजून काय असणार?"

बोलून झालं आणि तिचा हात हवेतच राहिला. समोरून वन्सं चादर ओढत होत्या, ती सोडायचं भान तिला राहिलं नाही.

"वन्सं, पुस्तक आणा."

जेवणाच्या सुट्टीत दोघी टोपल्या पालथ्या घालून बसल्या. घडीताईनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हा शब्द येत नाही. नाही तर नाही. त्याच्या जागी 'अमुक' म्हणू. आता ऐका. मशीनमध्ये गाठोडी 'अमुक' करू नका. दोन गाठोड्यांमध्ये जागा सोडा, म्हणजे वाफ सगळीकडून फिरेल. काय करू नका?"

"कोंबू नका," वन्संनी घास गिळायच्या आत सांगितलं. "ह्यात इंग्रजी कशाला लागतं?"

शब्दकोश उघडला. क्रॅम: कोंबणे, ठासून भरणे.

वन्संनी पुस्तकाकडे असं पाहिलं, जणू इतके दिवस उर्मट वाटलेली शेजारीण एकदम माहेरची निघावी. "पुढचं वाच," त्या म्हणाल्या.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. 'अमुक' म्हणत म्हणत दोघी पानामागून पान ओलांडू लागल्या. शेजारच्या शब्दांना विचारायचं, मधल्याचं घर ओळखायचं. काही शब्द तर तोंडवळ्यावरूनच कळू लागले. ओव्हरलोड, ओव्हरहीट, ओव्हरफ्लो: कुठे ओझं जास्त, कुठे ताप जास्त, कुठे पाणी काठाबाहेर.

"ह्या तिघी ओव्हरांच्या घरातल्या जावा," वन्सं म्हणाल्या. "आडनावच सांगतं, कुणाचं प्रमाणात नाही."

कधी चुकायचंही. एका ठिकाणी घडीताईनं 'पुसा' म्हटलं, निघालं 'तपासा'. तेव्हा तिनं नियम केला: पुढची ओळही विचारायची. एक शेजारी खोटं बोलेल, चौघं नाही बोलणार.

शनिवारी सकाळी मशीनचं प्लास्टिक निघालं. सगळा धुलाईखाना हातातलं काम सोडून भिंतीकडेला उभा राहिला. स्टोअरबाबूंचा नंबर पहिला. साहेबांनी पान काढून दिलं, घडीताईला बाहेर बसवलं आणि दार लावलं.

बाबूंनी पान एका दमात वाचलं; वन्सं नंतर म्हणाल्या, रेडिओ लावल्यासारखं. मशीनही सुरू केलं, वाफ भरली, वेळ भरली, शिट्टी झाली. मग बाबू दाराच्या मुठीला लटकले. मूठ हलेना. काटा अजून निम्म्यावर होता. त्यांनी आणखी जोर लावला, तसं मशीन लाल दिवा लावून ओरडू लागलं.

"पानात काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"थांबा म्हणून लिहिलंय, सर."

"कधीपर्यंत?"

बाबूंनी ती ओळ पुन्हा वाचली, पुन्हा तितकीच सुंदर. मधल्या एका शब्दावरून ते डबकं ओलांडावं तसे पलीकडे गेले. "म्हणजे... थोडा वेळ, सर."

मशीन निवल्यावर घडीताईला आत बोलावलं. तेच पान. ती बोट ठेवून वाचू लागली, शब्दाशब्दाला ठेचकाळत. कोपऱ्यात कुणीतरी खुसखुसलं. वन्संनी तिकडे नुसतं पाहिलं आणि खुसखुस जागीच सुकली. गाठोडी किती, पाणी कुठवर, दाराला कडी कशी: एकेक ओळ तिनं आपल्या भाषेत सांगितली, आणि सांगेल तसं केलं. मग तीच ओळ आली. तिचं बोट थांबलं.

सबसाइड. आयुष्यात पाहिला नव्हता. हरवलेल्या चादरीवर नव्हता, कुठल्या ओवीत नव्हता.

"काय अर्थ?" साहेब म्हणाले.

"हा शब्द मला येत नाही, साहेब."

धुलाईखान्यानं एक उसासा टाकला. साहेबांनी पेन्सिल कागदाला लावली.

"थांबा, साहेब. येत नाही म्हटलं. कळत नाही असं नाही म्हटलं."

पेन्सिल थांबली. घडीताईनं खालच्या ओळीवर बोट नेलं, वरच्या ओळीवर आणलं. तिला घाई नव्हती. एकोणीस वर्षं तिनं शेवटची घडी कधी घाईनं घातली नव्हती.

"वर म्हटलंय, वाफेचा दाब भरलेला आहे. खाली म्हटलंय, काटा शून्यावर आला की कडी आपोआप सुटेल. मधे म्हटलंय, दाब 'अमुक' होईपर्यंत थांबा, दार ओढू नका. भरलेलं होतं आणि शून्यावर आलं, तर मधे काय झालं असेल? पूर येतो आणि जातो, ताप चढतो आणि उतरतो, तसंच." तिनं मान वर केली. "दाब ओसरेपर्यंत थांबा."

साहेबांनी टेबलावरचा शब्दकोश ओढला. पानं चाळण्याचा आवाज तेवढा होता. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

"ओसरणे," ते म्हणाले. "पहिलाच अर्थ."

कुणी टाळी वाजवणार तोच घडीताईनं हात वर केला. तोच दुखरा हात. "अजून नाही. दार उघडायचंय."

तिनं बटण दाबलं. वाफ भरली, वेळ भरली, शिट्टी झाली. ती मुठीला शिवलीसुद्धा नाही. हात पाठीमागे बांधून काट्यासमोर उभी राहिली, आणि तिच्याबरोबर सगळा धुलाईखाना उभा राहिला. काटा निम्म्यावर आला. पावावर आला. मशीन हळू हळू श्वास सोडत होतं. कुणाच्या तरी हातून बादलीची कडी वाजली, तिला चौघींनी गप्प केलं. काटा शेवटच्या रेघेवर रेंगाळला, जाऊ की नको करत राहिला, आणि शून्यावर टेकला.

आत कडी सुटली. चुटकी वाजवावी एवढाच आवाज.

घडीताईनं दोन बोटांनी दार उघडलं. पांढरी वाफ तिच्या चेहऱ्यावरून वर गेली, आणि आत गाठोडी होती, गरम, कोरडी, निर्मळ.

मग मात्र टाळ्या झाल्या. बायांनी बादल्या बडवल्या. स्टोअरबाबू पुढे आले, थोडं घुटमळले आणि म्हणाले, "ताई, तो शब्द मलाही येत नव्हता."

"मलाही नव्हता येत, बाबू. तुम्ही त्याच्यावरून उडी मारलीत, मी त्याच्याशेजारी बसले."

साहेबांनी पुस्तक आणि मशीनची किल्ली तिच्या हातात दिली. "सोमवारपासून."

"सोमवार कशाला?" घडीताई म्हणाली. "ऑपरेशनवाले बारा वाजता कपडे मागतात."

तिनं खुर्ची मशीनसमोर ओढली आणि त्या जागी पहिल्यांदा बसली. पाठ टेकवली, उजवा हात मांडीवर ठेवला. वन्सं समोर येऊन उभ्या राहिल्या, रिकाम्या हातांनी.

"आणि माझ्या चादरीचं दुसरं टोक कोण धरणार?"

"शिकवा कुणाला तरी. मला शिकवलंत तसं. शिव्या देत."

"तुला शिव्या दिल्या म्हणून तू इथवर आलीस," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पदरानं खुर्चीवरची नसलेली धूळ झटकली आणि पहिलं गाठोडं स्वतः उचलून आणलं.

साडेअकरा वाजता दुसरी शिट्टी झाली. नोंदवहीत वेळ लिहायची होती. आजवर तिथे कुणी आकड्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. घडीताईनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर कोपऱ्याला कोपरा जुळवावा तसं बसवत इंग्रजीत लिहिलं: दाब ओसरल्यावर दार उघडलं. सगळं ठीक.

खाली सही करताना तिनं आपलं नाव लिहिलं. पूर्ण, जे आजवर फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. मग वर फोन लावला आणि म्हणाली, "कपडे तयार आहेत. माणूस पाठवा."