पट्टीखालची खाच

मिस्त्रीने दोन विटांमधल्या दरजेत खिळा टोचला. तो बोटभर आत गेला, आणि बाहेर ओढताच सिमेंट-वाळूची भुकटी त्याच्या मनगटावर सांडली. शिडीवर उभ्या उभ्याच त्याने ती दोन बोटांत चोळून पाहिली. चार दिवस कडक ऊन पडूनही ती ओलसर होती.

"काय म्हणते भिंत?" घरमालकाने खालून विचारलं. चाळिशीला टेकलेला, कामावर निघालेला माणूस. गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता.

"पोटभर पाणी पिऊन बसलीय."

"तेच तर. म्हणून म्हणतो, प्लास्टर मारून टाकू. वरून जाड रंगाचे दोन हात. विषय संपला."

"संपणार नाही साहेब, झाकला जाईल." मिस्त्री एक पायरी खाली उतरला. गुडघा कुरकुरला, म्हणून तिथेच थांबला. "विटेची भिंत भिजते तशी वाळतेही. बाहेरून तिचं तोंड बांधलं की आतलं पाणी आतच कोंडतं. मग ते तुमच्या खोलीत उतरतं. आणि दोन-तीन वर्षांत विटेचे पापुद्रे सुटतात, रंगासकट."

"मग तुमचं ते केमिकल? ते काय करणार?"

"ते विटेत मुरतं, वर साय धरत नाही. बाहेरचं पाणी अडवतं, आतली वाफ जाऊ देतं. पण ते सगळ्यात शेवटी. आधी पाणी शिरतं कुठून ते सापडायला हवं."

"शिरतं विटेतून," अंगणातून आवाज आला. "दुसरं कुठून शिरणार?"

घरमालकाची आई खुर्चीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. घडी घालताना प्रत्येक कपडा हवेत असा झटकायची की फटका ऐकू यायचा.

"आई, आता पुन्हा नको."

"नको कसं? मिस्त्रींना कळायला नको का कुणाचं कर्तृत्व आहे ते?" तिने उशीचा अभ्रा झटकला. "याचे वडील स्वतः भट्टीवर जाऊन बसले होते. तीन दिवस. एकेक वीट कानाशी धरून टिचकी मारायचे. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर परत. मला बघायला आले होते तेव्हा पाऊण तासात उरकलं होतं!"

घरमालक हसला. मिस्त्रीही हसला, पण त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"आणि एवढं करून प्लास्टर नाही. का, तर विटा दिसायला पाहिजेत. दिसतायत ना! दर पावसाळ्यात नातीचा पलंग भिंतीपासून हातभर सरकवतो आम्ही."

"मी निघतो," घरमालक म्हणाला. "मिस्त्री, बघून ठेवा काय ते. प्लास्टरवाल्याला मी उद्या संध्याकाळपर्यंत थोपवलंय. त्याच्या आत मला सांगा."

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. मिस्त्री शिडी सरकवून खिडकीपाशी चढला. खिडकीखाली भिंतीच्या बाहेर चार बोटं आलेली दगडी पट्टी होती. त्याने तिच्या पोटाखाली हात घातला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. दगड गुळगुळीत होता.

हात घालण्याआधीच त्याला ते ठाऊक होतं.

एकतीस वर्षांत तो या गल्लीत फिरकला नव्हता. पलीकडच्या रस्त्यावर काम निघालं तरी दोन वळणांचा फेरा घेऊन जायचा. काल केमिकलच्या दुकानदाराने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, तेव्हा गल्लीचं बदललेलं नाव वाचून त्याच्या काही लक्षात आलं नाही. आज फाटकातून आत आला, समोर भिंत दिसली, आणि पाय जागीच थबकले. भिंत माणसासारखी म्हातारी झाली होती. विटांवर लोणा फुटून खाराचे पांढरे डाग, कोपऱ्यात शेवाळ. पण ओळ न् ओळ त्याच्या हातची होती.

तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. कामावर सगळे त्याला 'भिंगरी' म्हणायचे, कारण तो कधी चालत जायचा नाही. या भिंतीच्या दोन खिडक्या तेवढ्या राहिल्या होत्या. पट्टीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यायचा आणि पोटाला छिन्नीने लांबलचक खाच मारायची, म्हणजे पट्टीवरून ओघळलेलं पाणी खाचेशी अडून थेंबाथेंबाने खाली पडतं, उलटं भिंतीकडे येत नाही. एका पट्टीला दीड तास लागायचा. दुपारी शेजारचा माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला: बायकोला दवाखान्यात नेलंय, महिना आधीच, ताबडतोब या. भिंगरीने दोन्ही पट्ट्या तशाच सपाट ठेवल्या, मसाल्यात दाबल्या आणि थापी धुतली. थोरल्या मिस्त्रींनी विचारलं, "खाच घेतलीस?" तो म्हणाला, "घेतली." आणि पळाला.

मूल जगलं. पुढचे पंधरा दिवस तो दवाखान्याच्या पायऱ्यांवरच होता. परत आला तेव्हा परांची उतरली होती आणि टोळी दुसऱ्या कामावर गेली होती. एकदा जाऊन सांगावं, असं पहिले काही महिने त्याला रोज वाटायचं. मग अधूनमधून वाटू लागलं. मग पाऊस लागला की तेवढं वाटायचं.

आता त्याने तांब्याभर पाणी पट्टीवर सोडलं. पाणी कडेशी आलं, पोटाखाली वळलं, आणि सरपटत सरळ भिंतीच्या दरजेत शिरलं. एक थेंबसुद्धा जमिनीवर पडला नाही.

"सापडलं का काही?" खालून घरमालकाच्या आईने विचारलं.

"बघतोय."

सोपं होतं. पट्ट्या काढायच्या, खाच मारायची, उतार देऊन पुन्हा बसवायच्या. दरजा खरवडून नव्याने भरायच्या, भिंत वाळू द्यायची, मग केमिकल. जुनं काम होतं, झिजलं, असं सांगितलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. तिने त्याला ओळखलं नव्हतं. केस गेले, पोट सुटलं, चालण्यात भिंगरीचं काही उरलं नव्हतं. शिडीवरून उतरेपर्यंत त्याचं मनाशी ठरलंही होतं.

तिने चहा आणून कट्ट्यावर ठेवला आणि स्वतःही टेकली.

"प्लास्टर केलंच पाहिजे असं माझंही नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पण तसं सांगून गेलेत ना ते."

"कोण? साहेबांचे वडील?"

"दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. दरवर्षी पाऊस उघडला की शिडी लावायचे. कधी जवसाचं तेल फासायचे, कधी चुन्याचं पाणी, कधी कुणी सांगितलेला आणखी कसला तरी पाला. मी खाली उभी राहून शिडी धरायची आणि तोंडाचा पट्टा चालू. तुमची वीट, तुमची हौस, भोगतोय आम्ही. वर उभ्या माणसाला पळून तरी कुठे जाता येतं?" ती थोडी हसली. "शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा एक दिवस आपणहून म्हणाले, तुझंच खरं, वीट निवडण्यात माझीच चूक झाली. माझ्यामागे प्लास्टर करून घ्या."

मिस्त्रीने कप उचलला होता. तो तसाच खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"वहिनी," तो म्हणाला.

तिने मान वळवली. घर बांधत होते तेव्हा कामावरची माणसं तिला वहिनी म्हणायची. त्यानंतर तसं कुणी म्हणालं नव्हतं.

"वहिनी, वीट चांगली आहे. अशी वीट आता बघायला मिळत नाही. एवढं पाणी पिऊनही एक कोपरा झिजला नाही तिचा. खोट खिडकीखालच्या पट्टीत आहे. खाच नाही मारलेली, उतारही नाही." त्याने हातावरची भुकटी पँटला पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "पट्ट्या मी बसवल्या. घाईत होतो. घेतली खाच, असं खोटं सांगून गेलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा, मग हात, मग पुन्हा चेहरा.

"भिंगरी?"

"हो."

"दवाखान्याचा निरोप आला होता."

"हो."

"काय झालं होतं तुला? मुलगा की मुलगी?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "मुलगी. फार अशक्त होती. आता बरी आहे. शाळेत शिकवते."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खरोखरच बरं वाटल्यासारखी मान हलवली. मांडीवर एक टॉवेल राहिला होता. तिने त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्यांनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "दुसऱ्याच वर्षी. शिडीवरून उतरले आणि म्हणाले, पट्टीत काहीतरी चुकलंय, पाणी तिच्याखालून येतंय. मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, स्वतःची चूक त्या पोराच्या माथी कशाला मारता? बिचारा बायकोसाठी जीव मुठीत धरून पळाला. तो काही इथे उत्तर द्यायला नाही." तिने टॉवेल बाजूला ठेवला. "पुढे दोन-चारदा बोलून बघितलं त्यांनी. मग सोडून दिलं. मी तुझी बाजू घेतली रे. एवढी वर्षं."

मिस्त्रीला कुठे बघावं कळेना. माफ करा, असं म्हणायचं होतं, पण ते कुणाला म्हणायचं तेच उमगेना. तो उठला आणि छिन्नी शोधू लागला. ती त्याच्या खिशातच होती.

संध्याकाळी घरमालक आला तेव्हा एक पट्टी निघून अंगणात पालथी पडलेली होती.

"प्लास्टर नाही करायचं," आईने त्याला फाटकातच सांगितलं.

"अगं, पण तूच तर सकाळी…"

"मी बरंच काही म्हणत असते. खोट पट्टीत आहे. तुझ्या बाबांनी केव्हाच ओळखलं होतं. मिस्त्रींनी आज दाखवून दिलं."

मुलाने मिस्त्रीकडे बघितलं. तोंड उघडून सगळं सांगून टाकावं असं मिस्त्रीला वाटलं, पण तिने इतक्या सहज विषय पालटून जेवायला काय करू विचारलं की त्याला मध्ये शिरायला फटच राहिली नाही.

काम तीन आठवडे चाललं. दोन्ही पट्ट्यांना त्याने स्वतः खाच मारली. ग्राइंडर हाताशी असून छिन्नीने मारली आणि एकेका पट्टीला दोन-दोन तास लावले. दरजा बोटभर खोल खरवडल्या, पाण्याचा हात देऊन नवा मसाला दाबून भरला. लोणा कोरड्या ब्रशने झाडला, शेवाळ घासून काढलं. मग भिंत नुसती वाळू दिली. त्या दिवसांत काही करण्यासारखं नव्हतं, तरी तो रोज येऊन विटेवर तळहात ठेवून बघायचा. बाई कट्ट्यावरून विचारायची, "ताप उतरला का रे तिचा?" आणि तो म्हणायचा, "उतरतोय." त्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरेच करत होती. त्यालाही ते बरं वाटत होतं.

मग पंप पाठीला लावून त्याने खालून वर केमिकल मारलं. पहिला हात ओला असतानाच दुसरा. भिंत काळपट लाल झाली, तशी बाई खुर्चीतून उठली. पण तासाभरात विटा आपल्या रंगावर आल्या. जणू काही लावलंच नव्हतं.

तीन दिवसांनी त्याने सामान आवरायला घेतलं. घरी दोघंच होती.

"पाणी टाकून बघू का?" तिने विचारलं.

"बघा की."

तिने आतून तांब्या भरून आणला. आता शिडीवर चढणं तिला जमणारं नव्हतं. ती वरच्या खोलीत गेली, खिडकी उघडली आणि हात बाहेर काढून पट्टीवर पाणी सोडलं. पाणी पुढे आलं, कडेवरून वळलं, खाचेशी थबकलं आणि टपटप थेट जमिनीवर पडलं. काही थेंब भिंतीवर उडाले. ते मोत्यांसारखे घरंगळत गेले. मागे विटा कोरड्या ठाक.

तिने दुसरा तांब्या ओतला. मग तिसरा. मग बादलीच आणली असावी, कारण तांब्या बुडवल्याचा आवाज येत राहिला. खाली अंगणात पाण्याचा ओहोळ फाटकापर्यंत गेला.

पुरे झालं, असं सांगायला मिस्त्रीने वर पाहिलं. खिडकीत तिचा हात तेवढा दिसत होता.

"बरोबर होतं हो तुमचं," शिडीवर उभ्या माणसाशी बोलावं तशी ती म्हणाली.

मिस्त्रीने आवाज न करता शिडी मिटली, आणि ती आणखी एक तांब्या ओतत असताना फाटकाकडे चालू लागला.