दोरांच्या जाळ्याखाली

बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या प्लॅस्टिकची टोपी बसवलेली होती — बोराएवढी, गुळगुळीत, उन्हानं जराशी फिकटलेली — आणि ती कशासाठी, हे लक्षात आलं तेव्हा तिचा अंगठा त्या टोपीवरच थांबून राहिला. कुणाचा तरी गुडघा इथं घासेल... कधीतरी, कुठल्यातरी मुलाचा, ज्याला टोपी बसवणाऱ्यानं कधी पाहिलेलंही नाही.

"वहिनी, सोड आता तो खांब. तुझ्याशिवायही उभा राहील तो," नणंद बाकावरून म्हणाली.

प्रश्न खांबाचा नव्हताच. खांबाला ताणून बांधलेल्या दोरांच्या जाळ्यावर तिची लेक होती, ठमी, मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेली. घरातल्या स्टुलावरून पडली होती — एवढंसं ते स्टूल! — आणि डॉक्टर हसत म्हणाले होते, "खेळू द्या आता तिला. नाहीतर हात बरा होईल आणि भीती तशीच राहील." म्हणायला काय जातं त्यांचं.

"स्वतः ढगात क्रेन चालवते, आणि पोरगी डोक्याच्या वर गेली की बाईला घाम फुटतो," नणंदेनं शेजारच्या अनोळखी आजोबांना माहिती पुरवली.

"माझी सूनही अशीच," आजोबा म्हणाले. "क्रेन नाही, पण घाम तोच."

वर बसणाऱ्याला कुठं काय कळतं, तिच्या मनात आलं. क्रेनवर मी असते, खालून इशारे देणाऱ्या माणसाच्या हातांकडे बघत. घाबरण्याचं खातं त्याच्याकडे... वरून हे मैदानही रोज दिसतं, छपरांच्या दाटीत राहून गेलेला हातरुमालाएवढा तुकडा, आणि त्यावर ठिपके — इशारा नाही, रेडिओ नाही, तरी एकमेकांना चुकवत सुसाट पळणारे. एवढ्या जागेत किती मजले चढले असते, हे तिचं डोकं आपोआप मोजायला लागे, आणि मग दरवेळी तेच नवल: कुणीतरी हे मोजलंच नाही. किंवा मोजलं, आणि तरीही जागा सोडून दिली. दुडुदुडु धावण्यासाठी!

वर ठमी थांबली. एक पाय दोरावर, दुसरा हवेत काहीतरी शोधत.

खाली आईचा हात आडवा झाला, तळवा जमिनीकडे — थांब. मग तर्जनी खाली, छोटी छोटी वर्तुळं — हळूहळू खाली घे. कामावरचे इशारे... आपण हे काय करतोय, हे तिला उमगेपर्यंत दोन पोरं खेळ सोडून तिच्याकडे बघायला लागली होती, आणि एकानं तर हुबेहूब नक्कल सुरू केली होती.

ठमीनं खाली पाहिलं. तोवर तिचा चेहरा नुसता विचारात होता. आईचा चेहरा दिसला आणि तो आक्रसला.

"आई, तू बघू नकोस ना."

"का गं?"

"तू बघतेस म्हणून मला भीती वाटते."



आणि आई जाळ्याकडे पाठ करून वळली. दोन पावलांचं वळणं, पण मानेला ते पटेना. इमारतीच्या पलीकडे, नजरेआड, तिनं कितीदा माल उतरवलाय; पण तेव्हा कानात रेडिओवरचा आवाज असतो, थोडं डावीकडे, अजून थोडं, बस्. इथं तिला कुणीच काही सांगत नव्हतं. समोर घसरगुंडीच्या शिडीशी एकमेकांची नावंही माहीत नसलेली मुलं रांगेत उभी होती, कुणी उभं केलेलं नसताना. एक तान्हेपणातून जेमतेम बाहेर पडलेला जीव वर पोचून बसला होता, घसरावं की नाही या विचारात, आणि मागची अख्खी रांग त्याच्या विचारासाठी थांबलेली... हे केव्हापासून चाललंय? रोज? मी वर बसलेली असते तेव्हाही?

पाठीमागून कुणा मुलाचा आवाज आला, "जाड दोर धर गं, तो हलत नाही."

"कुठला?" ठमीचा आवाज. आईला विचारतानाचा नव्हे. हा आवाज तिनं घरात कधी ऐकलेला नव्हता — बरोबरीच्या माणसाला कामाचं विचारतात तसा.

मग दोर कुरकुरले. मग काहीच नाही.

छातीत भीती होतीच, पण आता ती तिची एकटीची होती, ठमीच्या वाट्याची त्यात मिसळलेली नव्हती, आणि एवढी मोठी असूनही उचलून धरता येण्याजोगी वाटत होती. नणंद बाकावरून वर, जाळ्याकडेच बघत होती. तिच्या तोंडाकडे नुसता कटाक्ष टाकला असता तरी वर काय चाललंय ते सगळं कळलं असतं. ती मात्र नणंदेकडेही न बघता, पाठमोरी, तशीच उभी राहिली.