सराट्याचं चूर्ण आणि ज्वारीचं पीठ

भगवंतरावांना बावीस माणसं गोळा करायला दीड वर्ष लागलं. मुंबईत औषधशास्त्र शिकलेला हा माणूस सदतीस साली वाशीमला खोली घेऊन बसला, तो एकाच कामासाठी. या मुलखात सराट्याचे, म्हणजे गोखरूचे, काटे पायात मोडतात, आणि वैदू त्याच सराट्याचं चूर्ण देतात, लघवी अडली तरी आणि पुरुषाची ताकद गेली तरी. त्यात खरंच गुण आहे का, हे तपासायचं होतं.

लघवीचं दुखणं लोक सांगत. दुसरं कुणी तोंडातून काढीना. कंबर धरते, पोट दुखते, म्हणत माणसं येत, दाराकडे बघत बसत आणि अर्ध्या तासानं खरं बोलत. ऐकून ऐकून भगवंतराव शिणले होते.

या दुसऱ्या दुखण्याच्या बाविसांतल्या अकरा जणांना त्यांनी सराट्याचं चूर्ण दिलं. उरलेल्या अकरांना ज्वारीचं भाजलेलं पीठ, कडू लागावं म्हणून निंबाचा पाला कुटून घातलेलं. कुणाच्या पुडीत काय, हे फक्त त्यांना ठाऊक. निकाल निघाला तेव्हा चूर्णानं पाच जणांना गुण आला होता आणि पिठानंही पाचांनाच. तेवढ्यात त्यांना इथे पाठवणाऱ्या मुंबईच्या संस्थेचं पत्र आलं, महिनाअखेरीस खोली बंद करा.

पुंजाजी पिठाच्या पाचांतला. शिरपूरच्या वाटेवर त्याचा वांग्या-मेथीचा मळा होता. पहिली बायको गेल्यावर त्यानं आवडाबाईशी पाट लावला, पण दोन वर्षं तिच्या अंगाला हात लावायची त्याला धास्ती वाटे. पुड्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात माणूस बदलला. यायचा तो हसतच.

खोली बंद होणार हे कळताच तो धावत आला.

"डाक्टरसाहेब, जाच्या पह्यले वर्सभराच्या पुड्या बांधून द्या. त्याच्याबिगर माहं काही खरं नाही."

भगवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"पुंजाजी, तुमच्या पुडीत ज्वारीचं पीठ होतं. औषध नव्हतंच. जे झालं ते तुमचं तुम्हीच केलंत."

ही आनंदाची गोष्ट आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पुंजाजीचं तोंड मात्र उतरलं. तो उठला, टोपी नीट केली आणि पायऱ्या उतरून गेला.

आठ दिवसांनी आवडाबाई आली. डोक्यावरची पाटी उतरवून ती उंबऱ्यातच बसली.

"खरं काहून सांगतलं तुमी?"

"आज ना उद्या कळलंच असतं, बाई."

"कोन सांगनार होतं? आता ते मळ्यातच झोपतेत. माह्याकडे पाहतबी नाहीत. मले पयलेपासून ठावं होतं, मीच तुमाले पीठ द्याले लावलं, असं वाटते त्यायले."

"तुम्हाला तर काहीच ठाऊक नव्हतं."

"ते मले सांगून काय उपेग? त्यायले सांगा."

ऊन चढलं होतं. पायात गोळे येत होते, तरी भगवंतराव मळ्यापर्यंत चालत गेले. पुंजाजी वाफ्याला पाणी देत होता. त्यानं मान वर केली नाही. भगवंतराव बांधावरच बसले.

"आवडाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याशिवाय कुणालाच नव्हतं."

"मी कायी येडा हाय का?" पुंजाजीनं फावडं रोवलं. "तिचा दोस नाही, हे कळते मले. पन माह्या तोंडून नाही नाही ते वदवून घेतलं तुमी. मी बोलून राह्यलो, अन् तुमाले ठावं होतं का हे पीठ हाय. मले इचारलं असतं तं मी पीठबी खाल्लं असतं, साहेब. पन इचारलं असतं तं!"

सांगितलं असतं तर तपासणीच झाली नसती, हे उत्तर भगवंतरावांच्या ओठांवर आलं. मुंबईत ते शंभरदा देऊन झालं होतं. इथे ते त्यांना बोलवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

पुंजाजीनं पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं. मग त्यानं मडक्यातलं पाणी लोट्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवलं.

भगवंतरावांनी अहवाल लिहिला. शेवटी एक कलम घातलं, की माणसांना आधी विचारावं, काही पुड्यांत औषध नसेल हे सांगावं, मगच पुड्या द्याव्यात. संस्थेनं अहवाल छापला आणि ते कलम तेवढं गाळलं. त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही.

दिवाळीनंतर मागे राहिलेलं सामान न्यायला ते वाशीमला परत आले. बाजारात आवडाबाई वांगी मांडून बसली होती. त्यांनी दबकत विचारलं, "कसं काय?"

"घरात झोपतेत आता," ती वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. "कवा बोलतेत, कवा नाही. पुड्या नाही मागत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं नाव काढलं का उठून जातेत. इकून नोका जाऊ, पल्याडून जा. ते आताच बैलं बांधून येऊन राह्यले."

भगवंतराव धान्याच्या ओळीतून वळसा घालून स्टेशनकडे निघाले.