मुका जादूगार जिंकला

मी मीठदाणी बोलतेय. नावात मीठ असलं तरी मीठमिरची लावून सांगणार नाही.

हे दोघा भावांचं घर. खाली त्यांचं पंखे दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. वर थोरला, त्याची बायको आणि धाकटा राहतात. भाऊ पन्नाशीला टेकले, पण जादूगारांच्या जाडजूड कादंबऱ्यांचं वेड काही सुटलं नाही. जेवण उरकलं की टेबलावर लढाई सुरू, कुणाचा जादूगार भारी याची. मी थोरल्याचा जादूगार, सात चंद्रांच्या राज्यातला. मंत्र पुरा म्हटला की समोरचा डोंगर जळतो. शेजारची मिरेदाणी म्हणजे धाकट्याचा मुका जादूगार, राखेच्या देशातला. गप्प राहील तितकी त्याची ताकद वाढते, एक शब्द बोलला की सगळी जाते.

"तुझा मुका जवळ येईस्तोवर माझ्या जादूगाराने त्याचा देश जाळलेला असेल," थोरला म्हणायचा.

एकदा धाकटा म्हणाला, "आणि घसा बसला तर? साधा खोकला झाला की तुझा जादूगार खलास."

थोरल्याचा घसा तेव्हा कितीतरी दिवस बसलेला होता. जखमेवर मीठ म्हणतात ना, तसं झालं. बदनाम मात्र मी. "बघू, न बोलता कोण जिंकतं ते," म्हणून तो उठला आणि अबोला सुरू झाला. आधी बोलेल तो हरला, हे न ठरवताच ठरलं. दुकानात पान्हासुद्धा खुणेने मागायचे.

मग डॉक्टरांनी थोरल्याच्या घशात गाठ सांगितली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

"भाऊजींना मी सांगते," बायको म्हणाली.

"नको. मीच सांगेन," थोरला घोगऱ्या आवाजात म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो धाकट्यासमोर येऊन बसला. "अरे, ऐक..."

धाकट्याने मिरेदाणी उचलून माझ्यापुढे आपटली. "बोललास! हरलास. माझा मुकाच भारी." आणि शीळ घालत गिऱ्हाइकाचा पंखा पोचवायला गेला. बिचाऱ्याला वाटलं, भांडण मिटलं, आता उद्या बोलूच.

थोरला मला बोटांनी फिरवत बसून राहिला. "मी सांगू का?" बायकोने पुन्हा विचारलं, तर त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. सकाळी धाकटा उठायच्या आत दोघं हॉस्पिटलात गेली.

आता थोरला घरी आहे, गळ्याला पट्टी. धाकटा जेवताना अखंड बोलतो. "दादा, तुझाच जादूगार मोठा. माझा कसला, मुका मेला." थोरला हसतो. त्या हसण्यालाही आवाज नाही. मला ते बघवत नाही.

काल थोरला झोपल्यावर धाकट्याने विचारलं, "वहिनी, त्या दिवशी दादाला काय सांगायचं होतं?"

ती ताटं विसळत होती. म्हणाली, "उद्या आवाज जाणार आहे, आज पोटभर बोलून घेऊ. एवढंच."

धाकटा खाली दुकानात गेला आणि बंद पंख्यांमध्ये बसून राहिला.

आम्हाला आता कुणी लढायला काढत नाही. दमट हवेने माझी भोकं बुजली आहेत. तुमच्याही टेबलावर कुणी लढत असेल, तर खुशाल लढू द्या. फक्त समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या.