दुर्बिणीआधीची लापशी

आमचे हे, म्हंजे परतूरच्या मोंढ्यातले कापसाचे व्यापारी जुगलकिशोरजी, गाडीतला ओला कापूस लांबूनच ओळखतील. अन् स्वतःच्या शौचातून कितीतरी दिवस रक्त जाऊन राह्यलं, तर म्हणे, "मूळव्याध हाय. दिवसभर गादीवर बसणाऱ्याला होतेच!" पोट कधी साफ, कधी न्हाई. तोंड पिवळं पडलेलं. शेवटी मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर बोंब मारली, तवा कुठं डॉक्टरकडं आले.

डॉक्टर म्हणाले, "पन्नाशी उलटलीय. मूळव्याध धरून बसू नका. जालन्याला जाऊन दुर्बिणीनं आतडं बघून घ्या."

तपासणीच्या आदल्या दिवशी जालन्यात माझ्या नणंदेकडं, चंचलबाईजींकडं उतरलो. पोट साफ करायचं औषध अन् नुसतं पाणी, बाकी काही न्हाई. सकाळी मी न्हायला गेले, तेवढ्यात बाईजींनी भावाला वाटीभर लापशी चारली! "चांगल्या कामाला निघालेला भाऊ माझ्या घरून तोंड गोड न करता जाईल का, भाभी?" शकुनाची लापशी म्हणे. अन् ह्यांनी ती मुकाट्यानं चाटूनपुसून खाल्ली.

दवाखान्यात नर्सनं विचारल्यावर मात्र खरं सांगून टाकलं. तपासणी रद्द, परवा या. हे तर खूष! "देवाच्याच मनात न्हाई. चल, सीझन चालू हाय, दिवाळीनंतर बघू."

मला धडकीच भरली. एकदा परतूर गाठलं की हा माणूस पुन्हा हाती लागत न्हाई, हे मला बराबर ठाऊक. "दुर्बीण झाल्याबिगर जालना सोडायचं न्हाई," म्हटलं अन् दुसऱ्या दिवशी बाईजींच्या स्वयंपाकघराला मीच कुलूप लावलं. बिचाऱ्या बाईजी भावासोबत उपाशी राह्यल्या.

दुर्बिणीत गाठ दिसली. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मंग ऑपरेशन झालं. आतड्याचा तेवढा भाग काढून टोकं जोडली.

काही दिवसांनी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. "आजार आतड्याच्या भिंतीतच होता, कुठं पसरला नाही. केमो नको. तपासणीला मात्र बोलावू तेव्हा यायचं. उशीर केला असता तर अवघड होतं."

डॉक्टरची पाठ वळली अन् मला हुंदकाच फुटला. अख्खा वार्ड बघून राह्यला.

"अगं, रडतेस काय?" हे म्हणाले. "मी मेलो का?"

"मेला न्हाईत म्हणूनच तर रडून राह्यले!"