थरथर माझी, हात मालकांचे

मित्रांनो, मी मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा टायर आहे. स्वतःला जुना म्हणवून घेताना मला अवघडल्यासारखं होतं. टायर जुना व्हायचा तर तो आधी झिजायला हवा, आणि माझ्या अंगावरची नक्षी तर अजून कोरी करकरीत आहे. तरीही मी आज एका शोरूमच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, भंगाराच्या गाडीची वाट बघत पडलो आहे. झिजून गुळगुळीत झालेले शेजारचे टायर मला विचारतात, "तू एवढ्यात इथे कसा रे?" त्यांना मी काहीबाही सांगून टाळतो. तुम्हाला मात्र खरं सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबर आणि काजळी एकत्र मळून त्याच्या पट्ट्या करतात. मग दोऱ्यांचा एक मजबूत थर फिरत्या ढोलावर गुंडाळतात आणि त्याची दोन टोकं जुळवून त्यावर रूळ फिरवतात. माझी टोकं जुळली, आणि नेमका पाळी बदलल्याचा भोंगा वाजला. जाणाऱ्या कामगाराला वाटलं, येणारा रूळ फिरवेल. येणाऱ्याला वाटलं, जाणाऱ्याने फिरवलाच असेल. दोघंही कामाला वाघ होते आणि एकमेकांवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. त्या भरवशापायी माझा सांधा कच्चा राहिला. पुढे साच्यात घालून मला चांगलं भाजलं, आणि मी वरून असा तुकतुकीत निघालो की तपासणाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वा, झकास!" मीही शेफारलो. आतलं दुखणं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला एका नव्या मोटारसायकलला बसवलं. ती घेतली एका काचवाल्याने. खिडक्यांची तावदानं, कपाटांची दारं, आरसे, सगळं ते मोजून, कापून, बसवून देत. मी त्यांना मालक म्हणत असे. त्यांनी गाडीच्या मागे एक लाकडी चौकट बांधली होती. तिला आतून जाड कापड शिवलं होतं आणि त्यात तावदानं उभी ठेवून ते गावभर हिंडत. निघण्यापूर्वी मला अंगठ्याने दाबून हवा बघत आणि म्हणत, "चला, पुढचे साहेब!" एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

त्यांचा हात फार सुरेख होता. काच कापायच्या हत्याराला हिरकणी म्हणतात. ती एकदाच ओढायची, पुन्हा गिरवायची नाही, असा त्यांच्या घराण्याचा नियम. गिरवलेली रेघ दगा देते, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. वडीलही काचवालेच. पण उतारवयात त्यांच्या हातांना कंप सुटला आणि हिरकणी खाली ठेवावी लागली. त्यानंतर ते दिवसभर हात मांडीखाली दाबून बसत. मालकांनी हे लहानपणापासून पाहिलं होतं.

काही महिने छान गेले. मग माझा कच्चा सांधा आतून सुटू लागला. त्या जागी मी किंचित उंच झालो. डोळ्यांना दिसणार नाही, पण गाडीने जरा वेग घेतला की प्रत्येक फेऱ्याला मी एक उडी घेई. ती उडी वर हँडलमध्ये जाई आणि हँडलमधून मालकांच्या हातात. चौकटीतल्या तावदानांच्या कोपऱ्यांचे टवके उडू लागले. कामाच्या जागी पोहोचल्यावरही त्यांच्या बोटांना मुंग्या येत असत. तशाच हातांनी हिरकणी ओढली की रेघ वाकडी जाई आणि काच भलतीकडेच फुटे.

मित्रांनो, मालकांनी एकदाही माझ्यावर संशय घेतला नाही. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. वडिलांचं दुखणं आपल्यात उतरलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. मला ओरडून सांगावंसं वाटे, "अहो मालक, ही थरथर माझी आहे!" पण टायरला कुठलं तोंड? मी मुकाट फिरत राहिलो, आणि जितका फिरलो तितका त्यांचा घात करत गेलो.

बोलणी त्यांनाच बसली. एका औषधवाल्याच्या कपाटाची काच तिसऱ्यांदा फुटली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काचवाले, तुमचे दिवस भरले आता. दुसरा कुणी असेल तर सांगा." मालक फुटलेले तुकडे वेचत राहिले. बाहेर मी उभा होतो, ऐटदार नक्षी मिरवत. त्या क्षणी हवा सोडून लोळागोळा व्हावं असं मला वाटलं.

घरी ते चहाचा कप उचलेनात. टेबलावर ठेवूनच वाकून पीत. एका सकाळी ते बायकोला म्हणाले, "अगं, एवढं एक तावदान पोचवलं की बास. कापडाच्या दुकानात दारावर माणूस हवाय. तिथे नुसतं उभं राहायचं असतं."

"आणि हिरकणी?"

"देऊन टाकू कुणाला तरी." मग जरा थांबून ते म्हणाले, "आज गाडी तू चालव. माझा हातांवर भरवसा नाही."

मालकीणबाईंनी किल्ली घेतली. त्यांनी गाडी काढली, मालक मागे बसले. मोकळा रस्ता आला, बाईंनी वेग वाढवला, आणि मी माझे गुण उधळलेच. थोडं अंतर गेल्यावर बाईंनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं.

"अहो, माझेही हात थरथरायला लागले. सासऱ्यांचा आजार मला कुठून लागला?"

मालकांना हसू आलं नाही. "तुला सवय नाही म्हणून."

"सवय नसलेल्याचा तोल जातो. हात असे झिणझिणत नाहीत. हे हँडलमधून, पुढच्या चाकातून येतंय." त्यांनी खाली उतरून माझ्याकडे रोखून पाहिलं. आजवर माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

तावदान सावकाश पोचवून मग आमची वरात निघाली. शोरूमवाले म्हणाले, "गाडीची वॉरंटी आमची, टायरची टायर कंपनीची. त्यांच्या डीलरकडे जा." डीलर म्हणाला, "माझ्याकडून घेतलाय का? गाडीसोबत आलाय ना? मग शोरूमलाच विचारा." पुन्हा शोरूम. तिथे म्हणाले, "खड्ड्यात आपटला असेल. शिवाय तुम्ही काचा वाहता, वजन होतं." मी फिरायलाच जन्मलो, पण माझ्यापायी माणसांना असं दारोदार फिरताना पाहून मला माझ्या गोलपणाचीच शरम वाटली. मालक तर केव्हाच दाराकडे वळले होते. "चल गं, त्यांचं बरोबर असेल. दोष माझाच आहे."

मालकीणबाई गिऱ्हाइकांच्या बाकावर ऐसपैस बसल्या. "ज्याची कुणाची जबाबदारी असेल त्याला इथेच बोलवा. आम्हाला घाई नाही."

नवं गिऱ्हाईक आलं की बाई त्याला आपणहून विचारत, "तुम्ही पण टायरसाठी आलात का?" असं दोन-तीनदा झाल्यावर शोरूमवाल्यांनी फोन उचलला. दुपारी टायर कंपनीचे तपासनीस आले. त्यांनी मला चेपलं, कुरवाळलं, बोटं फिरवली. "वरून तर ठीक दिसतोय," ते म्हणाले, आणि मालकांची मान आणखी खाली गेली.

"चाक उचला," तपासनीस म्हणाले. "माझा मोजायचा स्टँड मागच्या दुकानात राहिलाय. खडूने बघू. मी इकडून चाक फिरवतो, रिमवर लक्ष ठेवतो. तुम्ही समोरून खडू धरा. टायरला लागेल न लागेल इतका जवळ, आणि अजिबात हलवायचा नाही."

खडू त्यांनी मालकांपुढे धरला होता. मालकांनी हात खिशात घातले. "हिला धरू दे."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच धरा."

"अगं, माझा हात..."

"तेच बघायचंय मला."

शोरूमवाले मागून म्हणाले, "हात हलला तर खडू सगळीकडे लागेल हां. मग आम्हाला बोल लावू नका."

मालकांनी खडू घेतला. गुडघे टेकून ते माझ्यासमोर बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. चाक फिरू लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाची करुणा भाकली, आणि ती अशी, की माझा दोष लपू नये. जो काही डाग आहे तो सगळ्यांसमोर दिसू दे, पण या माणसाचा हात हलू नये.

चाक थांबलं. माझ्या सबंध अंगावर एकच पांढरा ओरखडा होता, तळहाताएवढा, नेमका कच्च्या सांध्यावर. बाकी सगळा मी काळाच्या काळा. तपासनिसांनी तो पुसला आणि पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा तिथेच.

"रिम सरळ आहे. टायरच सदोष आहे, बदलून देऊ," ते म्हणाले. मग सामान आवरता आवरता सहज बोलून गेले, "हात मात्र पक्का आहे हो तुमचा. इतका स्थिर खडू सहसा कुणाला धरता येत नाही."

मालक उठले नाहीत. ते ओरखड्याकडे पाहत नव्हते. ते आपल्या हाताकडे पाहत होते. बोटं पसरून, मिटून, उलटसुलट करून पाहत होते. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते रडू लागले, भर शोरूममध्ये, सगळ्यांदेखत. शोरूमवाले उगाचच पंख्याचं बटण शोधू लागले.

नवा टायर बसला. मला बाजूला टाकून तपासनिसांनी मोठी सुरी काढली आणि माझी कड कापली. तसा त्यांचा नियमच आहे, नाहीतर कुणीतरी मला उचलून दुसऱ्या कुणाच्या गाडीला लावेल. मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. माझ्यामुळे आणखी कुणा भल्या माणसाने हात खिशात लपवावेत, हे मला नको होतं.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हा वस्तूंना जपा, पण आमच्यावर आंधळी माया करू नका. काम पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर आम्हालाही एकदा उलटून पालटून बघा. आमच्यात खोट निघाली तर दुकानात जा, बाकावर बसून राहा, आम्हाला बदलून घ्या. त्यात तुम्हाला कमीपणा नाही. लाज आमची आहे. ती आमच्यापाशीच राहू द्या, आपल्या हातांवर घेऊ नका.